दोन सह्यांची कंपनी

उंदीर पेटती वात तोंडात धरून गवताच्या गंजीत शिरेल, तेव्हा रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका, असं आपल्या फौजेच्या अधिकाऱ्यांना लिहून कळवणारा राजा मला तरी दुसरा माहीत नाही. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे छावणीला राहिलेल्या पागेला हे पत्र धाडलं. रयतेविषयीच्या कळवळ्याचा दाखला म्हणून ते आपल्याकडे नेहमी सांगितलं जातं, आणि तो त्यात आहेच. पण मी मराठा लाइट इन्फंट्रीत रायफल कंपनी सांभाळलेला माणूस. मला ते पत्र कंपनी कमांडरच्या टेबलावर यावं तसं दिसतं.

त्यात शत्रू जवळजवळ नाहीच. आहे तो हिशेब. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलात तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. कुणाचा दाणा आणाल, कुणाचं गवत, कुणाचा भाजीपाला. राहिलेली रयत गाव सोडून जाईल आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे म्हणेल. शिपायांना पगार दिलेला आहे, तेव्हा लागेल ते बाजारातून विकत आणा. कुणी कुठेही चूल मांडतो, कुणी तंबाखूसाठी विस्तव घेऊन निघतो, वारा कुठला आहे ते बघत नाही. एका खणाला आग लागली की सगळी छावणी जाईल. सैन्यात दिवस काढलेल्या माणसाला हे वाचून हसू येतं, कारण हे सगळे जवान त्याच्या ओळखीचे असतात. विस्तव घेऊन गंजीजवळून जाणारा एक तरी प्रत्येक कंपनीत असतोच.

या पत्राच्या मायन्यात एक गोष्ट चटकन नजरेतून सुटते. ते जुमलेदारांना आहे, हवालदारांना आहे आणि कारकुनांनाही आहे. तिघांना एकत्र. जुमलेदाराला हुकूम आणि त्याने तो कारकुनाला सांगावा, असं नाही. कारकुनाला सरकारातून थेट.

हा योगायोग नव्हे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली, तीत फौजेची बांधणी दिली आहे. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे जुमला सव्वाशे माणसांचा, आजच्या रायफल कंपनीएवढाच. पायदळात नाईक, पाच नाईकांवर हवालदार आणि दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार. पागेतल्या जुमलेदाराला सालिना पाचशे होन आणि पालखीचा मान. पायदळातल्या जुमलेदाराला शंभर होन. पण दोघांपैकी एकही एकटा नाही. पागेत त्याच्या शेजारी हिशेबाला शंभर-सव्वाशे होनांचा मुजुमदार आहे, पायदळात चाळीस होनांचा सबनीस. गडावर तर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे. कारखानीस वेगळा, आणि नेमणुका करताना जातीही मुद्दाम वेगवेगळ्या. शंभर तलवारी ज्याच्या हुकमात, त्या तलवारींचा हिशेब त्याच्या हातात द्यायचा नाही. पगारही जमिनीत नव्हे, रोख; त्यामुळे शिपाई जुमलेदाराचा कूळ होत नाही, तो सरकारचा चाकर राहतो.

दसऱ्याला फौज बाहेर पडायची तेव्हा प्रत्येकाजवळ काय काय आहे याची यादी व्हायची, आणि पावसाच्या तोंडाला परतली की त्या यादीवरून झाडा घेतला जायचा. जास्तीचं सापडलं तर ते सरकारजमा किंवा पगारातून वजा. मोहिमेवरून थकून आलेल्या माणसाची वळकटी सोडायला लावणं हे काम जुमलेदाराला आवडत असेल असं मला वाटत नाही. मलाही किट इन्स्पेक्शन कधी आवडलं नाही. पण शेजारी यादी घेऊन दुसरा माणूस उभा असला की डोळेझाक करता येत नाही, आणि तो त्यासाठीच उभा केलेला असतो.

पेशवाईत ही घडी विसकटली. सरंजामी पथकं आली, पथक्या स्वतःच माणसं आणणार, स्वतःच घोडी मोजणार आणि स्वतःच हजेरीपट भरणार. गणती आणि प्रत्यक्ष घोडी यांच्यातल्या फरकावर किती घराणी उभी राहिली, हा वेगळ्या लेखाचा विषय.

मुंबईत इंग्रजांनी तोवर आपली पलटण उभी केली होती. आज फर्स्ट मराठा म्हणून ओळखली जाणारी जंगी पलटण १७६८ सालची; दुसरी, काळी पाचवी, त्याच्या पुढच्या वर्षाची. या पहिल्या पलटणींत गोरे अधिकारी अगदी मोजके असत. कंपनी सुभेदाराची. त्याच्या हाताखाली जमादार, हवालदार, नाईक. सुभेदार गावाकडून माणसं आणी, त्यांची भांडणं सोडवी, त्यांना कवायतीला उभं करी आणि लढाईत पुढे राही. गोऱ्या कॅप्टनला पलटण दिसे; माणूस फक्त सुभेदाराला दिसे.

१७९६ साली फेररचना झाली आणि पलटणीत गोऱ्या अधिकाऱ्यांची संख्या एकदम वाढली. सुभेदाराची कंपनी गेली. कालपर्यंत जो कंपनीचा धनी होता तो नुकत्याच जहाजातून उतरलेल्या, मिसरूड न फुटलेल्या पोराच्या मागे उभा राहू लागला. मान, पेन्शन, पुढे १८३७ पासून सरदार बहादूर वगैरे किताबही मिळू लागले. कंपनी मात्र मिळाली नाही. १८५७ नंतर इंग्रजांचं डोकं पुन्हा उलट्या दिशेने चाललं. १८६० च्या दशकात पलटणीत सहा-सात गोरे अधिकारी ठेवून कंपन्या परत हिंदी अधिकाऱ्यांकडे आल्या. विसावं शतक उजाडताना दोन-दोन कंपन्या जोडून डबल कंपनी झाली, तिच्या डोक्यावर गोरा साहेब बसला आणि सुभेदार पुन्हा एक पायरी खाली. शंभर वर्षांत दिलं, काढलं, दिलं, काढलं. सरकारचा सुभेदारावर विश्वास किती, हे पलटणीच्या तक्त्यावरून बिनचूक वाचता येतं.

यातच एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल आमच्या मेसमधल्या गप्पांत फारसं कोणी बोलत नसे. मुंबईच्या जुन्या पलटणींत कंपन्या मिश्र असत. महार, मराठा, मुसलमान, परदेशी एकाच ओळीत, आणि बढती नोकरीच्या ज्येष्ठतेनं. त्यामुळे महार सुभेदाराच्या हुकमावर मराठा शिपाई उभा राही, बंदूक खांद्यावर घेई, सलाम करी. गावच्या वेशीबाहेर राहणाऱ्या माणसाला वेशीच्या आतल्या माणसावर हुकूम चालवण्याची अशी जागा त्या काळी महाराष्ट्रात दुसरी कुठे नव्हती. १८९२ च्या सुमारास लढवय्या जातींचं खूळ आलं, कंपन्या एकेका जातीच्या झाल्या आणि महारांची भरती बंद झाली. जातीची कंपनी करायची म्हटल्यावर मिश्र कंपनीचा महार सुभेदार कुठे बसवणार, हा प्रश्नच त्यांनी असा मिटवला. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ त्याच जुन्या पिढीतले सुभेदार. पुढे १९१७ मध्ये युद्धाची गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली, आणि १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत वीस वर्षं पुन्हा दार बंद. इंग्रजी पलटणीच्या व्यवस्थेचं कौतुक करताना ही बाजू लपवून चालणार नाही.

जातीच्या कंपनीचा एक कठीण प्रसंग मेसोपोटेमियात आला. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ जनरल टाउनशेंडची फौज कूतमध्ये तुर्कांनी कोंडली. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं तशी घोडी आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे हात लावला नाही, आणि त्यांची ताकद उतरत गेली. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानग्या मागवल्या. त्या आल्या, वाचून दाखवल्या, तरी फारसा फरक पडला नाही. धर्मगुरूची परवानगी ठीक, पण गावी गेल्यावर पंगतीला कोण बसवणार आणि सोयरीक कोण जुळवणार? या प्रश्नाला तारेत उत्तर नव्हतं. एप्रिलमध्ये उपासमार अगदी टोकाला गेली तेव्हा बरेच जण खाऊ लागले.

कंपनीच्या पातळीवर हा काळ कसा गेला असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे. गोऱ्या अधिकाऱ्याने हुकूम दिला तर शिपाई गप्प उभा राहील, खाणार नाही. सुभेदार स्वतः जेवला आणि त्याच्या मागे हवालदार जेवला तरच ओळ हलणार. लंगरचा, म्हणजे जेवणघराचा, प्रश्न हुकमाने सुटत नाही. शांततेच्या काळातही सुटत नाही: रोज लंगरमध्ये जाऊन डाळ-भाजी चाखणं हे कंपनी कमांडरचं काम आहे, पण भाजीत मीठ जास्त पडलं हे त्याला चाखून कळण्याआधी सीनियर जेसीओला, म्हणजे सुभेदाराला, जवानांच्या चेहऱ्यावरून कळलेलं असतं.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदी तरुणांना राजाचं कमिशन मिळू लागलं. १९१८ मध्ये सँडहर्स्टला वर्षाला दहा जागा, पुढे १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी. आमच्या कोल्हापूरकडचे जनरल एस. पी. पी. थोरात त्या सुरुवातीच्या सँडहर्स्टवाल्यांपैकी. पण हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरा अधिकारी येऊ नये म्हणून सरकारने १९२३ मध्ये आठ पलटणी वेगळ्या काढल्या आणि हिंदी अधिकारी तिथेच नेमायचे ठरवलं. त्या आठांत पाचव्या मराठ्यांची पाचवी पलटण होती. मूळची ११७, कूतमध्ये उपाशी राहिलेली, जिला नंतर ‘रॉयल’ ही पदवी मिळाली.

या योजनेत एक मेख होती. पलटणीत हिंदी अधिकारी वाढले की सुभेदार-जमादार हळूहळू कमी करायचे, आणि प्लाटून नव्या अधिकाऱ्यांनी सांभाळायच्या. कागदावर हे ब्रिटिश पलटणीसारखं झालं. प्रत्यक्षात दोघांचीही अब्रू गेली. सँडहर्स्टहून आलेल्या तरुणाला वाटे, गोऱ्याच्या बरोबरीचं कमिशन देऊन मला सुभेदाराच्या जागी बसवलं. शिपायाला वाटे, नाईक-हवालदार होऊन पुढे चढायची शिडीच काढून घेतली. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची गरज भसाभस वाढली आणि ही योजना गुंडाळावी लागली. स्वातंत्र्यानंतर सुभेदार-जमादार राहिले; फक्त व्हाइसरॉयच्या कमिशनऐवजी ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जेसीओ, झाले. इंग्रजांच्या ज्या थोड्या गोष्टी आपण विचार करून ठेवल्या त्यांतली ही एक, असं माझं मत आहे. माझ्या काही मित्रांना ती जुनाट वाटते. त्यांनी कंपनी एकट्याने चालवून बघावी.

आता माझ्या दिवसांतलं थोडं सांगतो. कंपनी म्हणजे तीन प्लाटून, प्रत्येकीत तीन सेक्शन, वर कंपनी हेडक्वार्टर. सगळे मिळून एकशेवीसच्या आसपास. सकाळी पीटी, नाश्ता, मग परेड किंवा फायरिंग, दुपारी ऑफिस, संध्याकाळी खेळ आणि शेवटी गिणती. बाहेरच्या माणसाला वाटतं कमांडर दिवसभर नकाशे बघतो. नकाशे वर्षातून काही आठवडे. बाकी दिवस रजिस्टरांचे. कंपनी हवालदार मेजरकडे माणसांचा लाँग रोल आणि ड्यूटीचं रोस्टर, क्वार्टरमास्टर हवालदाराकडे स्टोअर, कोतीच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या, एनसीओकडे हत्यारं. पैकी कोतीचं रजिस्टर मी स्वतः बघत असे. रायफल गेली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी. ब्लँकेट गेलं तर फक्त बोलणी.

त्या काळी पगार रोख मिळे. महिन्यातून एकदा टेबल मांडायचं, पेटी उघडायची, अक्विटन्स रोल, म्हणजे पगारपत्रक, पुढे ठेवायचा. जवान येणार, सलाम करणार, नाव-नंबर सांगणार, सही करणार, पैसे मोजून घेणार. मी पैसे देणार, पण रोल बनवलेला दुसऱ्याने आणि शेजारी साक्षीला जेसीओ. इंग्रजांच्या पलटणीत पे-हवालदार होता, त्याआधी सबनीस. कुणाचे पैसे घरी पोचत नाहीत, कुणाचे लंगरच्या मागे पत्त्यांत जातात, हे त्या टेबलावर समजे. आता पगार थेट बँकेत जातो. त्यात चोरी नाही, उशीर नाही, सगळं चांगलं. पण महिन्यातून एकदा प्रत्येक माणूस माझ्यासमोर एकटा उभा राही, ते गेलं. नवे अधिकारी याला म्हाताऱ्याचं रडगाणं म्हणतात. म्हणोत.

सगळ्यात अवघड काम सुट्टीचं. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक सुट्टी आणि तीस दिवसांची कॅज्युअल. हिशेब सोपा आहे, पण एका वेळी कंपनीतले ठरावीकच लोक बाहेर जाऊ शकतात, आणि सगळ्यांना पेरणी, गणपती, जत्रा आणि लग्नसराई यांतच जायचं असतं. एक जवान आई आजारी असल्याचं सांगून अर्ज घेऊन आला. मी सही करायला पेन उचललं, तोच सीनियर जेसीओ म्हणाले,

‘साब, ह्याला आत्ता नको सोडू.’

‘आई आजारी आहे म्हणतोय.’

‘आई ठणठणीत आहे. भावानं बांध कोरलाय. आत्ता गेला तर कुणाचं तरी डोकं फोडून येईल. पुढच्या महिन्यात सरकारी मोजणी आहे, तेव्हा सोडू.’

त्यांना हे कसं कळलं? त्याच्या शेजारच्या गावचा एक जवान दुसऱ्या प्लाटूनमध्ये होता, त्याच्या घरच्या पत्रातून. मी अर्ज बाजूला ठेवला, कलेक्टरसाहेबांना आणि जिल्हा सैनिक बोर्डाला पत्र लिहिलं, आणि मोजणीच्या तारखेला त्याला सोडलं. बांध सरळ झाला. भाऊ अजून बोलत नाहीत, पण तुरुंगातही गेले नाहीत. जवानाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दावा चालू नये म्हणून १९२५ सालचा एक कायदाच आहे. अधिकाऱ्याने दाखला दिला की कोर्टाला काम तहकूब ठेवता येतं. इंग्रजांनाही ठाऊक होतं की आघाडीवरच्या शिपायाचं अर्धं लक्ष बांधावर असतं.

ऑर्डर्ली रूमचंही असंच. टोपी-बेल्ट उतरवून जवानाला समोर मार्च करत आणतात. आरोप वाचला जातो, साक्ष होते, शिक्षा मी सुनावतो. पण आदल्या संध्याकाळी जेसीओ येऊन बसलेले असतात. ते शिक्षेबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. फक्त त्या माणसाची हकीकत सांगतात, आणि कुठल्या गोष्टी सांगायच्या हे ते निवडतात. तरुण अधिकाऱ्याला वाटतं निर्णय आपला. काही दिवसांनी त्याचं त्यालाच समजतं.

युद्धातल्या कंपनी कमांडरवर लिहिलेलं भरपूर आहे. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला कुमाऊंचे मेजर सोमनाथ शर्मा, डावा हात प्लास्टरमध्ये, तरी स्वतः मॅगझिन भरून लाइट मशीनगनवाल्यांना देत होते आणि तिथेच पडले. १८ नोव्हेंबर १९६२ ला रेझांग लाला मेजर शैतानसिंग यांची चार्ली कंपनी जवळजवळ सगळी कामी आली. या दोन नावांपुढे मी माझ्या रजिस्टरांबद्दल बोलतो याचा संकोच वाटतो. तरी एक बाब नोंदवावीशी वाटते: शर्मांच्या हातून झालेलं शेवटचं काम दारूगोळा पुरवण्याचं होतं. पावसाळाभर दाणा पुरवायला सांगणाऱ्या चिपळूणच्या पत्रातलं काम आणि हे काम एकाच जातीचं आहे.

कंपनी सोडताना हँडिंग-टेकिंग होतं. नव्या कमांडरसमोर कोतीतली हत्यारं, दुर्बिणी, तंबू, मच्छरदाण्या, लंगरची भांडी, सगळं मोजून द्यायचं. मग दोघांच्या सह्या. मी सोडली तेव्हा सगळं चोख निघालं, म्हणून मी पेन काढलं. जेसीओ शेजारी यादी घेऊन उभे होते. ‘थांबा साब,’ ते म्हणाले, ‘दोन पातेली कमी आहेत.’ ती बडाखान्याच्या मोठ्या पंगतीसाठी शेजारच्या कंपनीत गेली होती. माणूस धाडला, पातेली आली, ती पुन्हा मोजली, आणि मग मला सही करू दिली.